कोरडी मूद

आदल्या दिवशी अम्माला काळजी होती ती एवढीच, की शिवराजला दुपारी जेवायला काय मिळेल. शिवराज बायकोला, लावण्याला, घेऊन सुट्टीवर होता, पोर्तुगालच्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावात. राहायला तो हॉलंडात, आणि तिथून सुट्टीला आणखी पुढं गेलेला. म्हणजे अम्माच्या हिशेबानं लांबून आणखी लांब. इकडं तंजावुरात संध्याकाळची कॉफी होऊन गेली होती. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्या वरच्या मजल्यावर दिवसभराचं ऊन भिंतींतून अजून बाहेर पडत होतं, आणि अम्मा स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर ताटात अर्धी मोडलेली गवार, समोर पाण्याच्या हंड्याला टेकवून ठेवलेला फोन, आणि फोनमध्ये टोपी घातलेला शिवराज. वसुमती, थोरली लेक, आतल्या टेबलाशी कॉलेजचे पेपर तपासत होती. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं, आवाज तेवढा येत होता. आणि अम्माची पाठ दिसत होती.

“पावाला वरनं अंडं फासतात गे, अम्मा. सूपात लोणी. नुसती भाजी मागवली तर वर चीज किसून आणलं. भाषा येईना. हातवारे करून सांगतो मी, गाय नको, कोंबडी नको, मासा नको.”

“भात नाही मिळत तिकडं?”

“मिळतो. माशाच्या पाण्यात शिजवलेला.”

“शिव शिव. मग केळी खा रे. शेंगदाणे बांधून ने बरोबर. हॉटेलात गरम पाणी देतात की नाही? पोहे भिजवून लिंबू पीळ.”

“पोहे कुठनं आणू, अम्मा!”

तो हसला. अम्माही हसली. हसताना तिचा उजवा हात डाव्या दंडावर गेला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत हळूहळू चोळू लागला, तेल जिरवावं तसा. वसुमतीनं ते पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांवरून गेलं. शिवराज मेनूकार्ड कॅमेऱ्यासमोर धरून एकेक ओळ वाचून दाखवत होता, यात काय असेल, त्यात काय असेल. आणि ज्या बाईनं आयुष्यात तंजावूर जिल्ह्याबाहेर चार घास खाल्ले नव्हते ती त्या न कळणाऱ्या पदार्थांना मान डोलावत होती. मग एकदम म्हणाली, “शिवराज, मला जरा—”

“वन मिनिट, अम्मा. वेटर आला. ठेवू? मग करतो.”

फोन काळा झाला. अम्मा त्याच्याकडे बघत राहिली. मग वळून म्हणाली, “उपाशी आहे गे पोर.”

“उपाशी कसला? सुट्टीवर आहे तो.”

“तू त्याला काही बोलू नको. लांब आहे तो.”

अम्मानं उरलेली गवार मोडली. रात्री ताकभात खाल्ला, आणि फोन उशाशी घेऊन निजली. तो वाजला नाही. सकाळी रोजचा कावळ्याचा भात घेऊन गच्चीकडे निघालेली अम्मा जिन्याच्या पहिल्या पायरीशी बसली, आणि बसल्या जागी गेली. वाटीतला भात सांडला नव्हता.

पुढं कित्येक महिने वसुमती जेव्हा जेव्हा त्या संध्याकाळकडे परत जाई, तेव्हा तिला गवार मोडण्याचा बारीक आवाज आधी ऐकू येई आणि मागाहून बाकीचं. मरण तिला समजून घेता येत होतं. तिनं पुष्कळ वाचलं होतं, इंग्रजीत, तमिळमध्ये, आणि आजोबांनी हट्टानं शिकवलेल्या देवनागरीतून मराठीतही; गल्लीतल्या आपल्या पिढीजात तंजावुरी मराठी लोकांत ती लिपी वाचणारी आता तिच्याएवढ्या वयाची दुसरी कुणी नव्हती. पुस्तकांतून माणसं मरताना तिनं खूप पाहिली होती. पण ‘मला जरा’ या दोन शब्दांपुढची जागा कुठल्या पुस्तकात भरून मिळेना. मला जरा बरं वाटत नाही. मला जरा गच्चीवर वारा घेऊ दे. मला जरा तुझं तोंड नीट दाखव. अम्माला यातलं कुठलं वाक्य म्हणायचं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ते सांगायचं होतं त्याला वाक्य अर्धं राहिल्याचंही ठाऊक नव्हतं.

अम्मा गेली त्या दिवशी त्याचा फोन दुपारी लागला. ती जिन्यात उभी होती, खाली प्राणेश, चुलत भाऊ, बांबू आणि फुलं आणायला माणसं पाठवत होता. शिवराज आधी रडला. खरंच रडला, एवढं तिनं त्याच्या पदरात टाकलं. मग नाक ओढून म्हणाला, “अक्का, आजच नेणार ना? मला आज निघालो तरी पोचता यायचं नाही. तोंड बघायला मिळणारच नाही मग. इथनं सगळी तिकिटं मोडून, लावण्याला घेऊन… सांग तूच, काय करू?”

तिनं सांगायला हवं होतं ते पुष्कळ होतं. ती म्हणाली, “बरं.”

एवढंच. अग्नी प्राणेशनं दिला, दहावं-बारावंही त्यानंच केलं. तिरुवैयारूला कावेरीत अस्थी सोडल्या तेव्हा पात्रात पाणी इतकं कमी होतं की मडकं उपडं करायला चिखलात उतरून मधल्या धारेपर्यंत चालावं लागलं. आणि घरी परतल्यावर, अंघोळ करून, ओले केस पाठीवर टाकून ती बसली असताना हाताला सवय होती म्हणून तिनं फोनवर ती साइट उघडली. जगभर फिरणारे वीगन, दूधतूपही वर्ज्य मानणारे, लोक तिथं लिहीत, कुठल्या गावात कुठं काय मिळालं, कुणी फसवलं, कुणी खिलवलं. शिवराज तिथली मोठी असामी. अम्मा रोज संध्याकाळी म्हणायची, “वाच गे, आज कुठं जेवला?” आणि वसुमती त्याच्या इंग्रजीचं मराठी करून तिला सांगायची. अम्माच्या दृष्टीनं ती मुलाची रोजची खुशाली होती. तर तिथं त्याची नवी नोंद होती. हिरव्या भाजीत शिजवलेल्या काबुली चण्यांचा वाडगा, त्यावर उन्हाची तिरीप, कडेला ग्लास. ‘अखेर एकदाचं पोटभर. एवढं हिंडल्याचं सार्थक झालं.’ पाच तारे. तारीख तिनं पुन्हा पुन्हा पाहिली. ती अम्माला नेलं त्याच दिवसाची होती, आणि ऊन दुपारचं होतं.

तिनं ते कुणाला दाखवलं नाही. प्राणेशला नाही, कनकलता मावशीला तर नाहीच. राग म्हणजे भांडी आपटणं, आवाज चढणं, अशी तिची समजूत होती. हा वेगळाच होता, शांत आणि टापटीप. तो तिच्याबरोबर कॉलेजात जाई, बसमध्ये शेजारी बसे, वर्गात ती फळ्याकडे वळली की पाठीला हलकेच टेके. रात्री तिला वाटे, घरात आपण एकट्या नाही, हे एक आहे.

आठ महिन्यांनी, पोंगल झाल्यावर, त्याचा फोन आला. मदुरेहून. तिला न सांगता तो देशात येऊन आठवडा झाला होता. लावण्याला दक्षिण दाखवायची होती. ती कोइमतूरची, पण लहानपणीच बाहेर गेलेली. “सरप्राइज द्यायचं होतं, अक्का. पण काय सांगू, जेवणाचे हाल. टूरिस्ट व्हिसावर आलोय आणि टूरिस्टसारखाच उपाशी फिरतोय. डोशावर तूप, पोंगलवर तूप, इडलीच्या पुडीत तूप. नको म्हटलं की वाईट तोंड करतात आणि थोडं कमी घालतात. एकानं तर सांगितलं, ‘सर, तूप म्हणजे दूध नव्हे, ते व्हेजच आहे.’ यांना समजावून समजावून थकलो. जगात एकच स्वयंपाकघर होतं बघ, जिथं मला काही विचारावं लागत नव्हतं.” इथं त्याचा आवाज जाड झाला. “रविवारी तुझ्याकडं येतो. हॉटेल बुक केलंय, तुला त्रास नको. पण जेवण अम्माचं कर. वांग्याची ती रसवांगी कर. ते नारळाचं दही कर. काय चालत नाही ते तुला पाठवून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.”

“बरं,” ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं, की आपण काय करणार ते आपलं ठरलेलं आहे. ती त्याला तूप घालणार होती.

पुस्तकांतली माणसं सूड घ्यायला विष, आग, कोर्टकचेऱ्या वापरीत. तिच्या वाट्याला एक चमचा तूप आलं होतं, आणि जितका विचार करावा तितकं तिला ते पुरेसं वाटू लागलं. रसवांगीच्या फोडणीत तूप. भाताच्या पोटात तूप. नारळाच्या दह्यात खरं दही, निम्मं निम्मं. तो बोटं चाटून जेवेल, म्हणेल, अगदी अम्माची चव. साइटवर पाच तारे देईल. आणि मग कधीतरी, तो विमानात बसल्यावर, दोन ओळी. किंवा दोन ओळीही नाहीत. नुसतं ठाऊक असणं. बसच्या खिडकीशी बसून ती हे घोळवी तेव्हा तिच्या तोंडाला पाणी सुटे, आणि त्या पाण्याचीच तिला थोडी भीती वाटे.

तो वीगन झाला त्या वर्षी घरी आला होता तेव्हाचं तिला आठवे. जेवायला बसण्याआधी त्यानं अम्माला समोर बसवून सगळं समजावलं. दूध कसं काढतात, वासरांचं काय होतं, यंत्रं, आकडे. अम्मानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती दिवसांचं व्रत रे?” तो म्हणाला, “जन्मभराचं.” अम्मा थक्क झाली. तिच्या माहितीत एवढं कडक व्रत कुणी केलं नव्हतं. तिच्या आजेसासूनं चातुर्मासात वांगं सोडलं होतं, त्याचं घरात तीन पिढ्या कौतुक. त्या दिवसापासून शिवराजचं खाणं हे अम्माच्या लेखी सोवळ्याचं झालं. त्याच्यासाठी वेगळी कढई. दुधाचा हात त्याच्या भांड्याला लागायचा नाही. नारळाचं दूध काढून त्यात मिरचीची देठं टाकून रात्रभर ठेवलं की ते दह्यासारखं लागतं, हे तिनं कुणाकुणाला विचारून, चार वेळा नासवून शिकून घेतलं. पाचव्या वेळी लागलं तेव्हा तिनं वाटी तिरकी करून वसुमतीला दाखवली होती: “बघ, हलत नाही.” आणि तोच मुलगा लहानपणी तुपावाचून घास घेत नसे. मूद फोडायचा, मध्ये खड्डा करायचा, तळं, आणि “अजून घाल, अजून घाल.” महिनाअखेरीला तूप तळाला गेलं की अम्मा वसुमतीच्या पानावर पळी नुसती टेकवून पुढं सरके. वसुमतीनं कधी मान वर केली तर डोळ्यांनीच सांगे, असू दे गे. तेव्हा तो लांब नव्हता. तेव्हा तो लहान होता.

जवळच्या माणसाला काहीही बोलता येतं, या घरात तशी पद्धतच होती. भाजी खारट झाली की वसू, गॅस संपला की वसू, वेंकटरावांचं, वडिलांचं, आजारपण निघालं तेव्हा हैदराबादची फेलोशिप सोडून परत आली ती वसू, आणि त्यावर “बरं झालं बाई, दुसरं कोण होतं?” एवढंच. लांबच्याला जपायचं. त्याचा फोन आला की टीव्ही बंद, त्याला खोकला झाला की अम्माचं शनिवारचं मारुतीला तेल. त्यानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला “मीटिंग आहे” म्हणून सांगितलं तेव्हाही अम्मा दारात उभी राहून म्हणाली होती, तू त्याला काही बोलू नको.

शनिवारी वसुमती बाजारातून पांढरं लोणी घेऊन आली. केळीच्या पानात बांधलेला गोळा, वर पाण्याचे थेंब. तसं घरात तूप होतं; पण तिला या कामासाठी ताजं हवं होतं. मंद आचेवर ते चढवून ती समोर उभी राहिली. आधी तडतडलं, मग गप्प झालं, तळाशी लालसर बेरी धरू लागली, तेव्हा अम्मा करायची तशी तिनं मूठभर शेवग्याचा पाला त्यात टाकला. वास उठला आणि घरभर झाला. अम्मा गेल्यापासून या घरात लोणी कढलं नव्हतं.  वसुमती रडली नाही. झारा घेऊन तिनं पाला काढला, तूप गाळलं, आणि पितळेच्या लहान लोटीत भरून झाकण ठेवलं.

रविवारी सकाळी कनकलता मावशी हाताखाली करायला आली. अम्माची धाकटी बहीण, तिला नावानंच, राजी म्हणणारी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, जीभ मात्र शाबूत. आल्याआल्या तिनं गच्चीवर कावळ्याला भात ठेवला, वर लोटीतल्या तुपाचा थेंब सोडला, “का, का” करून हाका मारल्या, आणि खाली येऊन वांगी चिरायला बसली.

“हॉटेलात उतरलाय म्हणे. बहिणीचं घर असताना.”

“एसी लागतो त्याला, मावशी.”

“जन्मला तेव्हा काय लावलं होतं? पंखा पण करंट असला तर.” मग थोड्या वेळानं, “वाळलाय का गे तो? फोटोत वाळल्यासारखा दिसतो. पाला खाऊन माणूस किती टिकेल?”

रसवांगी झाली. कोशिंबीर झाली, अप्पळम, उडदाचे पापड, तळून डब्यात पडले. वसुमतीनं फोडण्या तेलातच दिल्या. तिला घाई नव्हती. तूप ती शेवटी घालणार होती, गरम भातावर, सगळ्यांत वर नव्हे, आत. मूद घालायला तिनं ती खोलगट वाटी काढली. आसपासच्या घरांत भात झाऱ्यानं वाढतात. वाटीत दाबून पानावर उपडी घातलेली मूद ही फक्त आपल्या लोकांची खूण, असं अम्मा अभिमानानं सांगे. वसुमतीनं वाटीत भात भरला, बोटानं मधोमध भोक केलं आणि लोटीची पळी उचलली. 

“तसं नको गे,” मागून मावशी म्हणाली. “मध्ये घातलं तर फोडल्यावर पिवळं दिसेल त्याला. आधी वाटीला आतनं बोट फिरव. राजी तशीच करायची.”

वसुमती वळली नाही. “काय करायची?”

“तूप गे. शिवराजच्या मुदीचं. वाटीला आतनं बोट फिरवायचं, वर भात दाबायचा. पानावर काढलं की दिसायचं नाही काही.”

“दर खेपेला?”

“दर खेपेला. नाही तर काय?”

“मावशी, त्यानं तूप सोडलंय. पाच वर्षं झाली.”

“सोडलंय ते खायचं तूप!” मावशीनं विळी आडवी केली. तिच्या आवाजात बहिणीवर कुणी आळ घेतल्याचा राग होता. “राजीनं त्याला दुधाचा थेंब दिला नाही, देवाशपथ सांगते. दही नाही, ताक नाही, खवा नाही. कढई सुद्धा वेगळी. तुझ्यासमोरच की सगळं. पण ही काय खायची वस्तू आहे? ही शुद्धी. अन्नाला लावायची. देवाच्या नैवेद्याला लावतो, पिंडाला लावतो. आता वर कावळ्याला घातलं ते काय त्याचं पोट भरावं म्हणून? कोरडा भात कुणाला वाढायचा गे? वैऱ्याला पण वाढला नसता तिनं. आणि पोटच्या पोराला वाढेल?”

“त्याला सांगितलं नाही तिनं.”

“सांगायचं काय त्यात? भात धुतला म्हणून सांगतो का आपण?”

वसुमतीनं पळी परत लोटीत ठेवली. बाहेर गच्चीवर कावळे आले होते, त्यांचे पंख आणि पाय पत्र्यावर वाजत होते. तिला एकदम हसू आलं, मग ते हसू कुठं ठेवावं ते कळेना. इतके दिवस बसमध्ये, वर्गात, अंथरुणात जे ती घोळवत होती ते आधीच झालेलं होतं. प्रत्येक खेपेला, प्रत्येक पानावर, तिच्या डोळ्यांदेखत. तो बोटं चाटत होता, “जगात एकच स्वयंपाकघर” म्हणत होता, आणि अम्मा पदराला हात पुसत हसत उभी होती. तिच्या मनात कपटाचा लवलेश नव्हता. आपण आता तूप घातलं तर काय होईल? काहीच नाही. अम्माचा हात पुन्हा एकदा त्याच्या पानावर फिरेल. तिचा सूड तिच्या हातात येण्यापूर्वी अम्मानं त्याची माया करून टाकली होती. यातही शिवराजलाच झुकतं माप. वसुमतीला वाटलं, मेल्यावरसुद्धा ही त्याच्याच बाजूला उभी आहे. पानावर पळी नुसती टेकवून, पुढं सरकून, डोळ्यांनी सांगते आहे, असू दे गे.

आणि मग ती जागच्या जागी थांबली. कोरडा भात वैऱ्याला पण वाढला नसता.

तिनं वाटीतला भात काढून परत भांड्यात टाकला. वाटी मोरीशी नेली, साबणानं घासली, गरम पाण्यानं विसळली, पुन्हा घासली. नाकाशी धरून वास घेतला. मग आतून नुसतं पाण्याचं बोट फिरवलं आणि भात दाबून भरला.

मावशी बघत होती. चांगल्या डोळ्यानं आणि ऑपरेशन झालेल्याही. “वसू, तूप?”

“त्याला नको असतं, मावशी. त्यानं लिहून पाठवलंय.”

“अगे, पण—”

“त्याला हवं तसंच वाढते आहे मी. अगदी त्यानं सांगितलंय तसं.”

 मावशी चिरलेल्या देठांचं ताट उचलून उठताना हळू म्हणाली, “राजी असती तर तुझा हात धरला असता तिनं,” आणि मागच्या सज्जात जाऊन उभी राहिली, ती जेवायलाही आली नाही.

ते आले तेव्हा ऊन चढलं होतं. लावण्या जिन्यातच चपला काढून वर आली, वाकून नमस्कार केला, तमिळमधून “अक्का, वास काय सुटलाय!” म्हणाली. शिवराज दारात घुटमळला. अम्माच्या खुर्चीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, हाराला बोट लावलं. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. ते तिला फोनमध्ये कधी दिसले नव्हते. तिला त्याची कीव येऊ पाहत होती, तिनं ती येऊ दिली नाही. पानं मांडली. लावण्या सगळं खाते. तिच्या मुदीवर वसुमतीनं वरण घातलं आणि लोटीतून तुपाची धार सोडली, लावण्या हात आडवा करून “पोदुम, पोदुम, बस” म्हणत राहिली तरी सोडली. शिवराजच्या पानावर मूद उपडी घातली. पांढरी, सुबक, कोरडी. वर वरण. लोटी तिनं स्वतःच्या गुडघ्याशी ठेवली आणि समोर बसली.

तो जेवू लागला. रसवांगीला डोळे मिटले. नारळाचं दही चाखून लावण्याला म्हणाला, “हे बघ, हेच सांगत होतो मी तुला. यात काही विचारायलाच नको.” मदुरेचं सांगितलं, कुठल्याशा महालवजा हॉटेलात त्याला तुपातली खीर नारळाची म्हणून कशी दिली होती ते सांगितलं, लावण्या म्हणाली, “याचं नाक पोलिसांच्या कुत्र्यासारखं आहे, अक्का. एका थेंबाचा वास पकडतो.” तो हसला. मग भाताचा दुसरा घास घेताना थोडा थांबला.

“तांदूळ बदललास का, अक्का?”

“तोच. त्याच दुकानातला.”

“कुकरमध्ये केलास?”

“पातेल्यात. अम्मा करायची तसाच.”

“काहीतरी…” त्यानं घास तोंडात घोळवला. “अम्माच्या भाताला एक वास असायचा. तिकडं मी किती तांदूळ आणून पाहिले. पोन्नी, सोनामसुरी. येतच नाही. मला वाटलं होतं, इथं आल्यावर तरी येईल.” त्यानं डाव्या हातानं खिशातून फोन काढला. “असो. एक फोटो घेतो हं. साइटवर टाकतो, अम्माच्या नावानं. तिच्या स्वयंपाकघराला पाच तारे द्यायचे राहिलेत माझे.”

तो फोन पानावर धरून तिरका करत होता, ऊन कुठून येतं ते बघत होता.

“फोन ठेव, शिवराज.”

“वन मिनिट, अक्का.”

“फोन ठेव.”

तिचा आवाज चढला नव्हता. पण लावण्याचा हात पानावर थांबला. त्यानं फोन खाली ठेवला.

“तो वास तुपाचा होता,” वसुमती म्हणाली.

“कसल्या तुपाचा?”

“अम्मा मुदीच्या वाटीला आतून तूप लावायची. तुझ्या. दर खेपेला. तिच्या लेखी ती शुद्धी होती, खाणं नव्हतं. तुझं व्रत तिनं एका थेंबानंही मोडलं नाही, असंच ती शेवटपर्यंत समजून होती.”

 त्याची नजर पानाकडे गेली, भाताला लागलेली बोटं त्यानं आखडून घेतली. “आणि आज?”

“आज नाही. आज तुझ्या पानावर थेंब नाही. वाटी मी दोनदा घासली.”

त्याच्या चेहऱ्यावरून सुटकेची एक छटा सरकली. वसुमतीला ती पुरती दिसली. पण तो याच घरात वाढलेला होता, याच फरशीवर मूद फोडून तळं करीत बसलेला. ती सुटका त्याच्या तोंडावर टिकली नाही. त्यानं लावण्याच्या पानावरचं चमकणारं वरण पाहिलं, वसुमतीच्या गुडघ्याशी असलेली लोटी पाहिली, आणि पुन्हा स्वतःची कोरडी मूद. दाराबाहेर सज्जातून मावशीच्या बांगड्या वाजल्या.

“ती त्या दिवशी दंड चोळत होती,” वसुमती म्हणाली. “तू मेनू वाचत होतास. ती ‘मला जरा’ म्हणाली, आणि तू ठेवलास. मग करतो म्हणालास. ती फोन उशाशी घेऊन निजली. दुसऱ्या दिवशी तिला आम्ही नेत होतो तेव्हा तू चणे खात होतास. पाच तारे दिलेस त्यांना. मी पाहिलं.”

“अक्का, तू तेव्हा ‘बरं’ म्हणालीस.”

“म्हणाले.”

 त्याचे डोळे भरून आले होते, नाक वाहू लागलं होतं आणि उजवा हात उष्टा म्हणून त्याला ते पुसता येत नव्हतं. मग लहानपणी पान पुढं सारायचा तसं त्यानं ते दोन बोटांनी तिच्याकडे सारलं.

“घाल,” तो म्हणाला. “एक थेंब घाल, अक्का.”

लावण्या त्याच्याकडे बघत राहिली. लोटी वसुमतीच्या हाताशी होती. तिनं ती उचलली आणि आपल्या पाठीमागं ठेवली.

“तू लांब होतास म्हणून या घरात तुला कुणी कधी काही बोललं नाही,” ती म्हणाली, आणि पुढचं तिनं सज्जात उभ्या असलेल्या मावशीला, भिंतीवरच्या फोटोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. “आता समोर बसला आहेस. नाही घालणार. मला तुझा राग आहे.”